मशीन चुकलं की चकरा कुणाला?

प्रश्न असा आला आहे: "तंत्रज्ञानामुळे सामाजिक आणि आर्थिक विषमता वाढते असं सगळे म्हणतात. पण मोबाईल आता घरोघरी आहे, बँक खातं सगळ्यांचं आहे, दाखले घरबसल्या निघतात. मग वाढते म्हणजे नेमकं होतं काय? रोज हे काम करणाऱ्या कुणीतरी सांगावं."

मी सांगते. मी अर्थशास्त्र शिकलेली नाही. २०११ साली ग्रामपंचायतींत दाखले-उतारे संगणकावर देणारी संग्राम केंद्रं सुरू झाली तेव्हा संगणक परिचालक म्हणून लागले, आणि पुढे स्वतःचं सेवा केंद्र टाकलं. बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातल्या एका बाजाराच्या गावात. तेव्हापासून आजपर्यंत लोकांचे फॉर्म भरणं, अंगठे घेणं आणि "साइट चालू झाली का?" या प्रश्नाला उत्तर देणं हेच माझं काम आहे.

तुमच्या प्रश्नातल्या "घरबसल्या" या शब्दापासूनच सुरू करू. उत्पन्नाचा दाखला घ्या. कित्येक वर्षं त्याचा सरकारी दर माझ्या भिंतीवर लिहिलेला होता: ३३ रुपये ६० पैसे. गावातल्या एखाद्या बागायतदाराला पोराच्या ॲडमिशनसाठी दाखला लागला की रात्री साडेनऊला व्हॉट्सॲपवर आधार, रेशन कार्ड, तलाठ्याचा अहवाल असे चार फोटो येतात. मागून मेसेज: "मॅडम, बघा जरा लवकर." ओटीपी ते फोनवरच सांगतात, पैसे फोनवरूनच पाठवतात, दाखल्याची पीडीएफ मी फोनवरच पाठवते. त्यांचा गेलेला वेळ पाचेक मिनिटं. हे खरंच घरबसल्या झालं.

तोच दाखला कापूस वेचायला जाणाऱ्या बाईला लागतो. ती पहिल्यांदा येते तेव्हा कळतं की आधारला जोडलेला नंबर बंद पडलाय. बंद पडणारच. रिचार्ज संपलं की काही दिवसांनी येणारे मेसेजही थांबतात, मग पोरगा बाजारातून नवीन सिम आणतो, आणि आधारला जुनाच नंबर राहतो. नंबर बदलायचा तर तालुक्याच्या आधार केंद्रावर जायचं. तिथे पहाटे चिठ्ठ्या वाटतात, आठ वाजता पोचलेल्याला चिठ्ठी मिळत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा. नंबर जोडून झाला की तो दिसायला काही दिवस जातात. मग ती परत माझ्याकडे येते आणि त्या दिवशी साइट बंद असते. आमच्याकडे बाईचा रोज अडीचशे-तीनशे रुपये. चार चकरा म्हणजे चार रोज बुडाले. २०२३ पासून बायकांना एसटीचं अर्धं तिकीट झालं, तेवढाच आधार. हिशेब केला तर बागायतदाराला जो कागद चौतीस रुपयांत पडला तो हिला हजाराच्या पुढे पडतो. कागद तोच, बारकोड तसाच, सहीही त्याच तहसीलदारांची.

म्हणून माझं उत्तर असं: विषमता वाढते, पण ती मशीन आल्याने वाढत नाही. मशीन चुकतं, अडतं, नाव जुळत नाही म्हणतं, तेव्हा ते निस्तरायचं काम कुणाच्या गळ्यात टाकलंय त्यावरून ती वाढते किंवा कमी होते. ते गरिबाच्या गळ्यात टाकलं तर वाढते. कचेरीच्या गळ्यात राहिलं तर तेच मशीन विषमता कमी करतं. हे मी दोन्ही बाजूंनी पाहिलं आहे, आणि आधी चांगली बाजू सांगते, कारण तंत्रज्ञानावर बोलायला लागलं की आपल्याकडे ती सांगायची राहून जाते.

आमचा भाग ऊसतोडीचा. दसरा-दिवाळी झाली की ट्रक-ट्रॅक्टर भरून कोयते निघतात. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. मुकादमाच्या वहीत माणसं मोजत नाहीत, कोयते मोजतात. चार-पाच महिने ही माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात असतात. पूर्वी त्या महिन्यांचं त्यांचं रेशन कुठे जायचं, हे गावात सगळ्यांना माहीत होतं आणि कुणी विचारत नव्हतं. कार्डं दुकानात ठेवलेली असायची, रजिस्टरवर अंगठे दुकानातच उमटायचे. मग ई-पॉस मशीन आलं. कार्डातल्या एकाचा खरा अंगठा लागल्याशिवाय पावती निघेना. ऑगस्ट २०१९ मध्ये एका राज्याचं कार्ड दुसऱ्या राज्यात चालायची सुरुवात झाली, त्यात महाराष्ट्र आणि गुजरात ही पहिल्या जोड्यांपैकी एक होती. आता कोल्हापूरच्याच काय, कर्नाटकातल्या उसाच्या फडावरची बाईही तिथल्या दुकानात स्वतःच्या कार्डाचं धान्य उचलू शकते. पहिल्यांदा असं झालं तेव्हा आमच्या गावच्या एका बाईने फडावरून मला मुद्दाम फोन केला होता: "मॅडम, हितं दिलं की वो!" तिकडचा दुकानदार कधी "कोटा संपला" म्हणून टोलवतो, ती गोष्ट वेगळी. पण या मशीनने दुकानदाराच्या हातातली एक मोठी चावी काढून घेतली. इतकी वर्षं कुठल्या अर्ज-निवेदनाने ते झालं नव्हतं.

आता त्याच घरातली दुसरी बाजू. लेक-सून फडावर गेली की मागे राहतात सासू-सासरे आणि शाळेची पोरं. ज्यांचा अंगठा मशीनवर लागतो ती माणसं तिकडे, आणि ज्यांचा लागत नाही ती इथे.

अशाच एका आज्जींबरोबर मी एकदा दुकानात गेले होते. उभा जन्म खुरपं आणि राखेने भांडी घासण्यात गेलेला, बोटांवरच्या रेषा कधीच पुसलेल्या. पहिल्यांदा बोट ठेवलं, मशीनवर लाल दिवा. दुकानदार म्हणाला, "आज्जी, केसावरनं फिरवा जरा बोट." तेलकटपणाने रेष उठते म्हणून आम्ही सगळेच हे सांगतो. त्यांनी पदर मागे घेऊन बोट फिरवलं. लाल. ओल्या फडक्याने पुसलं, लाल. मग तर्जनी, मग मधलं, मग दुसरा हात. मागे रांग वाढत होती आणि आज्जी हळूहळू चोर पकडल्यासारख्या दिसायला लागल्या. "पोरी, माझा हात माझा न्हाई व्हय गं?" शेवटी दुकानदार म्हणाला, उद्या सकाळी या, सकाळी सर्व्हर बरा असतो. सर्व्हरचा आणि आज्जींच्या रेषांचा काही संबंध नाही. पण "उद्या या" म्हणायला काहीतरी कारण लागतं.

नियमात सोय नाही असं मुळीच नाही. अंगठा लागला नाही म्हणून कुणाचं धान्य रोखू नका, असं केंद्र सरकारने राज्यांना २०१७ सालीच लेखी कळवलं आहे. डोळ्याचं स्कॅन आहे, ओटीपी आहे, तेही जमलं नाही तर वहीत नोंद करून द्यायचं आहे. पण दुकानदाराच्या जागी बसून बघा. वहीत नोंद करून धान्य द्यायचं तर जादा लिहायचं, तपासणीत उत्तर द्यायचं, आणि आकडा जुळला नाही तर भरून द्यायचं. "उद्या या" म्हणायला मात्र काहीच लागत नाही. दोन वाटांपैकी एक फुकट आणि दुसरी महाग ठेवली की माणूस कुठली धरणार? इथे दुकानदार दुष्ट आहे असं धरायची गरजच नाही. आमचा तर सज्जन आहे.

आणखी एक भानगड या मशीनने घातली, ती कागदावर कुठेच दिसत नाही. कार्ड एक, चुली दोन. लेकाने तिकडे पूर्ण महिन्याचं धान्य उचललं की इथल्या म्हाताऱ्यांना काही उरत नाही. थोडं तिकडे, थोडं इकडे असं उचलता येतं, पण ते फोनवर ठरवावं लागतं, आणि ज्या घरात आधीच बोलणं तुटलंय तिथे ते कोण ठरवणार? सासऱ्याने सुनेची तक्रार माझ्याकडे आणलेली आहे, जणू मीच मशीन बनवलंय.

आता माझ्या आयुष्यातलं सगळ्यात लख्ख उदाहरण. दोन कर्जमाफ्या.

२०१७ च्या पावसाळ्यात छत्रपती शिवाजी महाराज शेतकरी सन्मान योजनेचे ऑनलाइन अर्ज सुरू झाले. दीड लाखापर्यंतचं थकीत कर्ज माफ. अर्ज शेतकऱ्याने भरायचा, नवरा-बायको दोघांनी यायचं, दोघांचे अंगठे. कुठल्या बँकेचं किती कर्ज, कधी घेतलं, खातं कुठलं, सगळं त्यानेच सांगायचं. दिवसा साइट चालत नव्हती. मी रात्री अकराला केंद्र उघडायचे आणि पहाटे चारला बंद करायचे. पेरणीचे दिवस. बायका लेकरांना कडेवर घेऊन ओट्यावर झोपायच्या, नंबर आला की नवरा उठवायचा. झोपेतल्या बाईचा अंगठा धरून मी मशीनवर ठेवलेला आहे. आणि एवढं करून चूक निघायची. बँकेत नाव "ज्ञानोबा", आधारवर "ज्ञानदेव". सोसायटीच्या वहीत आजोबांचं नाव, सातबारावर बापाचं. एका अक्षरासाठी माणूस बँक, तलाठी आणि माझं केंद्र या त्रिकोणात फिरत राहायचा. कर्ज कुणाचं आणि किती, हे बँकेला ठाऊक होतं. सोसायटीच्या गटसचिवाला तर तोंडपाठ होतं. तरी ते शेतकऱ्याने नव्याने सिद्ध करायचं. का, याचं उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. ज्याच्या भावकीत कुणी बँकेत होतं त्याचं नाव दोन दिवसांत दुरुस्त झालं. बाकीच्यांचं "सरकारी काम आणि सहा महिने थांब".

दोन-अडीच वर्षांनी, डिसेंबर २०१९ मध्ये, महात्मा जोतीराव फुले यांच्या नावाची कर्जमुक्ती जाहीर झाली. दोन लाखांपर्यंतचं. मी मनातून धसकाच घेतला होता. पण या वेळी अर्जच नव्हता. बँकांनी स्वतः याद्या भरल्या. फेब्रुवारी २०२० पासून त्या बँकेत आणि ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागल्या, प्रत्येक नावापुढे एक विशिष्ट क्रमांक. शेतकरी तो क्रमांक आणि आधार घेऊन यायचा, अंगठा ठेवायचा, आणि समोर त्याच्या कर्जाची रक्कम यायची. बरोबर असेल तर मान्य. नसेल तर अमान्य म्हणायचं, तक्रार तिथूनच वर जायची. दहा मिनिटांत माणूस मोकळा. बायकोला आणायची गरज नाही, रात्री झोपायची गरज नाही. ही योजनाही काही आदर्श नव्हती. दोन लाखांच्या वर हजार रुपये असले तरी माणूस बाहेर राहिला, सावकाराचं कर्ज तर दोन्ही वेळा बाहेरच. पण तेच आधार, तेच अंगठ्याचं डबडं, तीच मी. फरक एवढाच की २०१७ मध्ये माहिती जुळवायचं काम शेतकऱ्याकडे होतं आणि २०२० मध्ये बँकेकडे.

कुणी म्हणेल, हे तुमच्या गावापुरतं झालं. पण कार्तिक मुरलीधरन, पॉल निहाउस आणि संदीप सुखटणकर या तीन अर्थतज्ज्ञांनी हेच फार मोठ्या प्रमाणावर तपासलेलं आहे, दोन राज्यांत. आंध्र प्रदेशात रोजगार हमीची मजुरी आणि पेन्शन अंगठ्याच्या स्मार्टकार्डवर द्यायला लागले, तेव्हा पैसे लवकर मिळाले, मधली गळती कमी झाली आणि लोकांना जुन्यापेक्षा हीच पद्धत आवडली. तिथे पैसे वाटणारी बाई गावातच बसायची आणि ज्याचं कार्ड झालं नव्हतं त्याला हाकललं जात नव्हतं. झारखंडात रेशनला आधारची सक्ती केली तेव्हा सुरुवातीला गळती काही हटली नाही, उलट ज्यांचं आधार जोडलेलं नव्हतं त्यांना मिळणारं धान्य सुमारे १० टक्क्यांनी घटलं. पुढे दुकानदारांकडून शिल्लक धान्याचा हिशेब घ्यायला लागले तेव्हा गळती कमी झाली, पण तिच्याबरोबर खऱ्या लोकांचं धान्यही कापलं गेलं. आंध्रात आधी लोकांची सोय बघितली होती. झारखंडात आधी वाचवायचा पैसा.

आधारचा पहिला क्रमांक आपल्याच महाराष्ट्रात दिला गेला, २९ सप्टेंबर २०१० रोजी नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत, एका आदिवासी बाईच्या हाती. तिथून निघालेला प्रवास बघितला तर माझी तक्रार आधार का आणलं ही नाही. माणूस समोर उभा असताना पडद्यावरच्या "नाही"ला त्याच्यापेक्षा खरं मानायची सवय कचेऱ्यांना लागली, ही आहे. पूर्वी तलाठी खडूस असेल तर त्याच्याशी भांडता यायचं, सरपंचाला घेऊन जाता यायचं, वेळ आली तर ओट्यावर बसून राहता यायचं. आता तलाठी स्वतःच म्हणतो, "मला काय विचारता, सिस्टिम घेत नाही." तिच्यापुढे ठिय्या मांडून बसायला तिला ओटा कुठे आहे?

मजुरांच्या हजेरीचं ॲप थोडक्यात सांगते. रोजगार हमी ही वि. स. पागे यांची कल्पना, महाराष्ट्राने देशाला दिलेली. २००५ ला देशाचा कायदा झाला. २०२२ मध्ये वीस किंवा जास्त मजूर असलेल्या कामांवर आणि जानेवारी २०२३ पासून सार्वजनिक कामांवर सरसकट, दिवसातून दोनदा फोटो काढून मोबाईलवर हजेरी सक्तीची झाली. खोटे मजूर दाखवून पैसे उचलतात म्हणून. आमच्या डोंगरात रेंज नाही. फोटो चढला नाही तर हजेरी नाही, दिवसभर घमेली उचलून मजुरी शून्य. आणि ज्यांना लुबाडायचं होतं ते? जुलै २०२५ मध्ये केंद्राच्या ग्रामविकास मंत्रालयालाच पत्रक काढावं लागलं, की फोटोचेच फोटो काढून चढवतात, कामाशी संबंध नसलेली चित्रं टाकतात. चोर सोडून संन्याशाला सुळी, दुसरं काय.

बायकांचं वेगळं सांगायला हवं, कारण "मोबाईल घरोघरी आहे" या वाक्यात बाई अदृश्य होते. मोबाईल घरात असतो म्हणजे पुरुषाच्या खिशात असतो. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या बायका देशात ३३ टक्के निघाल्या, पुरुष ५७ टक्के. माझ्याकडे बायका हातात चिठ्ठी घेऊन येतात, त्यावर नवऱ्याचा नंबर. ओटीपी आला की मी नवऱ्याला फोन लावते. तो विचारतो, "कशाला पाहिजे?" म्हणजे तिच्या पैशाच्या वाटेवर त्याची परवानगी आपोआप बसली. हे कुणी मुद्दाम केलं नाही, ओटीपी तिथे जातो म्हणून झालं.

कधी कधी ते मुद्दामसुद्धा होतं. लाडकी बहीण योजना २०२४ मध्ये आली, महिना १,५०० रुपये. तेव्हा अंगणवाडी ताईंनी घरोघरचे अर्ज भरून घेतले, त्यामुळे ज्या कधी कुठल्या यादीत नव्हत्या त्या बायकाही आत आल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये ई-केवायसी, म्हणजे ओळखीची ऑनलाइन पडताळणी, आली. त्यात बाईचा ओटीपी झाला की नवऱ्याचा किंवा वडिलांचा आधार आणि ओटीपी. मराठवाड्यात तेव्हा अतिवृष्टीने घरंदारं वाहून गेलेली, कागद भिजलेले. आणि माझ्यासमोर पंचावन्न वर्षांची विधवा. वडील तिच्या लग्नाआधीच वारलेले. पडद्यावरची चौकट म्हणते, पतीचा नाहीतर वडिलांचा आधार क्रमांक टाका. त्या बाईने मला विचारलं, "दोघंबी वर हायेत, तिकडं मेसेज जातो का?" आम्ही दोघी हसलो, पण फॉर्म काही पुढे गेला नाही. नंतर मुदत वाढली, अशा बायकांसाठी वेगळी सोयही झाली. पण ती चौकट बनवणाऱ्याच्या डोळ्यासमोर पहिल्या दिवशी कुठली बाई होती, ते मला त्या एका पानावरून कळलं.

आता स्वतःबद्दल. साइट जितकी किचकट, तितकी माझ्या दारात गर्दी. सरकारी दरात केंद्र चालत नाही. वीज, इंटरनेट, प्रिंटरची शाई, पोराचा पगार. रात्री बसून काम केलं की मी जादा घेते, आणि भिंतीवरच्या दरपत्रकात ते लिहिलेलं नाही. माझ्या धंद्यातल्या काहींनी तर ताळतंत्र सोडलं. २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा आला. शेतकऱ्याने एकच रुपया द्यायचा, केंद्राला अर्जामागे ४० रुपये विमा कंपनीकडून. तरी शेतकऱ्याकडून शंभर-दोनशे घेणारे निघाले, आणि ४० रुपयांसाठी सरकारी जमिनींवर, देवस्थानांच्या जमिनींवर, भलत्याच्याच सातबारावर अर्ज ठोकणारेही. हे बाहेर आलं आणि २०२५ मध्ये एक रुपयाची सोयच बंद झाली. आता खरिपाला विमा रकमेच्या २ टक्के, नगदी पिकाला ५ टक्क्यांपर्यंत हप्ता पुन्हा शेतकऱ्याच्या माथी. माझ्या गावातल्या कोरडवाहूवाल्याने त्यात कसली लबाडी केली होती?

म्हणून "एजंट हटवा, सगळं थेट करा" असं कुणी म्हणालं की मला हसू येतं. पूर्वीच्या गावकुलकर्ण्याच्या लेखणीच्या जागी माझा कीबोर्ड आला, मधला माणूस काही गेला नाही. तो जाणारही नाही, जोवर पान उघडायला इंग्रजी, ओटीपी आणि धीर तिन्ही लागतात. फक्त त्याचा खर्च कुणी द्यायचा एवढाच प्रश्न आहे. २०२४ ला अंगणवाडी ताई मधल्या होत्याच, पण त्यांचं काम सरकारच्या खात्यावर होतं.

तुम्ही आर्थिक विषमता म्हणालात म्हणून कागदांच्या बाहेरची एक गोष्ट सांगून ठेवते, ती मोठी आहे आणि माझा प्रांत नाही. आमच्याकडे पैशाचं सगळ्यात उघड तंत्रज्ञान म्हणजे बोअर पाडायचं रिग मशीन. एकाने दोनशे फूट नेलं की शेजारचा आड आटतो. शेजाऱ्याने पाचशे नेलं की दोनशेवाला कोरडा. मग आठशे. प्रत्येक फुटाला पैसे, आणि पाणी नाही लागलं तर तेही पैसे गेले. ज्याची ऐपत दुसऱ्या-तिसऱ्या बोअरची तो टिकतो, बाकीचे कोयता घेऊन निघतात. महाराष्ट्राच्या भूजल कायद्यात शेतीच्या बोअरला ६० मीटरची, म्हणजे दोनशे फुटांच्या आसपासची मर्यादा आहे. आमच्या पट्ट्यात ती कुणी पाळल्याचं मी पाहिलेलं नाही.

इथेही मशीनला शिव्या देऊन भागत नाही, कारण याच राज्यात उलटं घडलेलं आहे. १९७२ च्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यातल्या नायगावात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. मोटार, पाइप, उपसा सिंचन, सगळं तंत्रज्ञान त्या काळचं नवं. पण नियम असा की पाणी जमिनीच्या हिशेबाने मिळणार नाही, घरातल्या माणसांच्या हिशेबाने मिळेल, माणशी अर्ध्या एकराचं. भूमिहीनालाही वाटा, आणि ऊस लावायचा नाही. हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर पाडायलाच बंदी केली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिकं ठरवली. रिग मशीन त्या गावाच्या वेशीपर्यंत येऊ शकत होतं. गावाने ते आत घेतलं नाही.

आता तुम्ही विचाराल, मग करायचं काय. धोरण ठरवायला मला कुणी बोलावत नाही. मी माझ्यापुरतं एक केलं. २०१७ च्या त्या रात्रींनंतर एक दोनशेपानी वही घातली. ज्याचं काम अडलं त्याची नोंद: तारीख, काम कुठलं, अडलं कशाने, चूक मुळात कुणी केलेली, चकरा किती. नावापुढे फक्त गाव. वही भरत आली तेव्हा एका रात्री बसून पानं चाळली. चूक कुणाची या खान्यात "स्वतःची" असं फार थोड्या ठिकाणी होतं. बाकी सगळीकडे आधार नोंदवणाऱ्याने नाव चुकवलेलं, बँकेने खातं जोडताना अंक चुकवलेला, नाहीतर दोन सरकारी खात्यांनी एकच माणूस दोन तऱ्हांनी लिहिलेला. चकरांच्या खान्यात मात्र प्रत्येक ओळीत आकडा होता, आणि तो चूक करणाऱ्याचा एकदाही नव्हता.

एक शिबिर होतं, तिथे एक मोठे साहेब आले होते. अडचणी सांगा म्हणाले, म्हणून मी वही पुढे केली. त्यांनी खरंच उघडून बघितली, चार पानं वाचलीही. मग म्हणाले, "चांगलं काम आहे, मॅडम. फक्त हे एक्सेलमध्ये करून पोर्टलवर अपलोड करा ना." मी आठ दिवस बसून ते केलं. अपलोड करताना लाल अक्षरं आली: नोंदीत अर्जदाराचा आधार क्रमांक आवश्यक आहे.

वही माझ्याकडेच आहे. दुसरी घातली आहे.